महिला मंडळाचं प्रीतिभोजन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सलाम. वर्षातून एकदा तरी महिला मंडळाचं प्रीतिभोजन, म्हणजे मिळून रांधून एका पंगतीला बसायचं जेवण, व्हावं असं प्रत्येक मंडळीत (चर्चमध्ये) वाटतं, आणि तारीख ठरवायची वेळ आली की "एवढं सगळं करणार कोण?" इथं बैठक अडते. नव्यानं पदाधिकारी झालेल्या भगिनी नेहमी विचारतात ते प्रश्न इथं एकत्र केले आहेत. उत्तरं साधारण १०० माणसांच्या, बायकांनी मिळून केलेल्या संध्याकाळच्या जेवणाला धरून आहेत. तुमची मंडळी ४० जणांची असेल तर आकडे कमी करा, कामाची पद्धत तीच ठेवा.

केटररला सांगितलं तर सोपं नाही का?

सोपं आहे. पाळकसाहेबांचा (चर्चच्या धर्मगुरूंचा) निरोपसमारंभ असेल, ४०० माणसं येणार असतील, तर आचारी सांगावा आणि त्यात कमीपणा मानू नये.

पण महिला मंडळाच्या प्रीतिभोजनात जेवणाइतकीच जेवणाची तयारीही महत्त्वाची असते. जी बाई रविवारी मागच्या बाकावर बसते आणि आशीर्वाद होताच निघून जाते, तिच्याशी कांदे चिरता चिरता दोन तास बोलणं होतं. तिच्या मुलाचं बारावीचं वर्ष आहे, सासूबाई अंथरुणावर आहेत, हे तेव्हाच कळतं. प्रार्थनासभेत "कोणाची काही विनंती?" असं विचारल्यावर जी गप्प बसते, ती लसूण सोलताना बोलते.

आणि आपल्या मंडळ्यांमध्ये एका पंगतीला बसणं ही कधीच साधी गोष्ट नव्हती. एकोणिसाव्या शतकात अहमदनगर, जालना, सातारा या भागांत जे ख्रिस्ती झाले ते वेगवेगळ्या जातींतून आले. एकमेकांच्या हातचं पाणी घेणंही ज्यांना ठाऊक नव्हतं, त्यांना एका पातेल्यातलं अन्न वाटून घ्यायचं होतं. ब्राह्मण घरातून ख्रिस्ती झालेल्या लक्ष्मीबाई टिळकांनी आपल्या आठवणींत सोवळं-ओवळं सुटायला किती काळ गेला ते मोकळेपणानं लिहिलं आहे. आज आपण सहज एकत्र जेवतो, ते कोणीतरी मन घट्ट करून सुरू केलं म्हणून. ते आपल्या हातांनी रांधून करण्यात जी गोडी आहे, ती वर्षातून एकदा तरी सोडू नये.

कोणता दिवस धरावा?

शनिवारची संध्याकाळ. रविवारी उपासनेनंतर जेवण ठेवलं की स्वयंपाक करणाऱ्या बायकांची उपासना चुकते. आत गीत चालू असतं आणि त्या मागे शेगडीपाशी उभ्या असतात. वर्षभर घरात तेच करणाऱ्या बाईला मंडळीतही तेच करायला लावू नये, असं माझं ठाम मत आहे. रविवारी संध्याकाळी ठेवलं तर सोमवारी शाळा, ऑफिस, डबे. शनिवारी केलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी उपासनेला सगळ्या पुन्हा भेटतात, हिशेब आणि आभार तिथंच होतात.

महिन्यांचं म्हणाल तर जानेवारी, ईस्टरनंतरचा पंधरवडा किंवा नोव्हेंबर. डिसेंबरमध्ये घरोघरी करंज्या-शेवेचे घाणे सुरू असतात आणि गायनमंडळाच्या तालमी असतात, त्यात हे घुसवू नका. मे महिन्यात लग्नं आणि गावी जाणं. पावसाळ्यात उघड्यावर भट्टी लावता येत नाही. नोव्हेंबर धरला तर एक बघा: सीएनआयची (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची) स्थापना २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात झाली, त्यामुळे त्या मंडळ्यांमध्ये महिनाअखेरीला दुसरा कार्यक्रम असू शकतो. आधी पाळकसाहेबांना विचारा.

जागतिक प्रार्थना दिनालाच जेवण ठेवलं तर?

चालेल, पण साधं ठेवा. हा दिवस म्हणजे मार्चचा पहिला शुक्रवार, तो बहुतेक वर्षी लेंटमध्ये (ईस्टरआधीच्या उपासकाळात) येतो आणि काही घरांत त्या दिवसांत सामिष खात नाहीत, काही भगिनी उपास करतात. शिवाय त्या दिवशी लक्ष प्रार्थनेकडे हवं. दरवर्षी एका देशातल्या ख्रिस्ती स्त्रिया जगभरासाठी ती उपासना तयार करतात, २०२५ साली कुक बेटांच्या, २०२६ साली नायजेरियाच्या. त्यांनी लिहिलेलं नीट ऐकायचं तर मागे रश्शाची फोडणी नको. मुगाची खिचडी, कढी, पापड. पुरे.

तयारीला किती दिवस लागतात?

सहा आठवडे निवांत पुरतात, चारमध्येही होतं. तारीख आणि हॉल आधी, मग माणसांचा अंदाज, मग जेवण काय ते, मग कामं. बऱ्याच ठिकाणी बैठकीची सुरुवातच "बिर्याणी करायची की रस्सा-चपाती" इथून होते आणि तिथंच संपते. पदार्थ शेवटी ठरवा. किती हात आहेत ते कळल्यावर काय झेपेल ते आपोआप समजतं.

कामं वाटायची कशी?

एक वही घ्या, मोबाईलवरची यादी नंतर. तिच्यात कामं लिहा, आणि कामाचा तुकडा जितका लहान करता येईल तितका करा. "स्वयंपाक: अमुक बाई" असं लिहिलं की ती बाई दोन दिवस बुडाली आणि बाकीच्या पाहुण्या झाल्या. त्याऐवजी असं लिहा: मटकी भिजत घालणं (गुरुवारी सकाळी). मटकी उपसून फडक्यात बांधणं (गुरुवारी रात्री). खोबरं किसून भाजणं. लसूण सोलणं, पाव किलो. कांदे चिरणं, शनिवारी दुपारी दोनला, चौघी. काकडी चोचवणं. लिंबं कापणं. पाण्याचे जार मोजून घेणं. सतरंज्या झटकणं. मीठ-लोणचं वाढणं. आजीबाईंना हात धरून जागेवर बसवणं. दारात उभं राहून सलाम करणं.

प्रत्येक ओळीसमोर वेळ आणि एक नाव. अशा साठ-सत्तर ओळी होतात आणि तेवढ्याच बायकांना काहीतरी मिळतं. सत्तरीच्या आजी लसूण घरी बसून सोलू शकतात, कोणीतरी तो नेऊन द्यायचा आणि आणायचा, इतकंच. बँकेत नोकरी करणारी भगिनी शनिवारी कामावर असेल तर तिला संध्याकाळचं वाढप द्या. जिला स्वयंपाकाचा कंटाळा आहे तिला हिशेब, फुलं, शास्त्रवाचन किंवा मुलांचं बघणं द्या. बाई म्हणजे स्वयंपाक असं मंडळात धरून चालू नये.

बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा सहावा अध्याय आठवून बघा. रोजच्या वाटपात ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होत होतं, तक्रार झाली, तेव्हा प्रेषितांनी तेवढ्या कामासाठी सात जण निवडायला सांगितले. अन्न वाटण्याचं काम नेमून, नाव घेऊन देणं ही मंडळीची अगदी सुरुवातीपासूनची रीत आहे.

उपासनेनंतर सूचना दिली तरी कोणी नाव देत नाही. काय करावं?

"ज्यांना मदत करायची आहे त्यांनी सेक्रेटरीबाईंना भेटावं," ही सूचना ऐकून कोणी येत नाही, कारण नेमकं काय करायचं ते कळत नाही आणि एकदा हो म्हटलं की किती गळ्यात पडेल याची भीती असते. वही घेऊन स्वतः जा. "काकू, शनिवारी चार वाजता येऊन फक्त लिंबं कापाल का? अर्ध्या तासाचं काम आहे." याला नाही म्हणणारी काकू विरळा. नव्या सुनेला विचारायचं तर एकटीला गाठू नका, तिच्या सासूबाईंसमोर विचारा: "आत्या, हिला आमच्याबरोबर चपात्यांना पाठवा ना." म्हणजे तिला घरी वेगळी परवानगी मागावी लागत नाही.

दरवर्षी त्याच चार जणी राबतात. हे कसं थांबवायचं?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो आणि मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

त्या चौघी चांगल्या असतात म्हणूनच असं होतं. त्यांना सगळं येतं, त्या सगळं पटकन करतात आणि दुसऱ्या कुणी मिठाचा हात चुकवला तर पातेलं त्यांच्याच अंगावर येतं. मग नव्या बायका मागे सरकतात. "त्यांना येतं, आपण कशाला मध्ये?" पाच वर्षांनी चौघी थकतात, मनात कडवटपणा धरतात, आणि प्रीतिभोजन बंद पडतं. मार्थेची गोष्ट (लूक १०: येशू घरी आला तेव्हा बहीण मरिया त्याच्या पायाशी ऐकत बसली आणि मार्था एकटीच कामात राबली) आपण प्रत्येक महिला मेळाव्यात ऐकतो, पण बहुतेक वेळा मार्थेलाच सांगितलं जातं की तू शांत हो. स्वयंपाकघरात तिच्याबरोबर आणखी पाच जणी उभ्या असत्या तर तीही वेळेत येऊन बसली असती. मंडळानं बघायचं ते हे.

तीन नियम करून बघा. एक, कोणत्याही बाईच्या नावावर वहीत तीनपेक्षा जास्त ओळी नकोत. दोन, प्रत्येक मोठ्या कामावर एक जुनी आणि एक नवी, आणि हातात झारा नवीच्या. जुनीनं स्टुलावर बसून सांगायचं. रस्सा जरा वेगळा होईल, होऊ दे. तीन, स्वयंपाक करणाऱ्या आणि वाढणाऱ्या वेगळ्या. ज्यांनी दुपारभर शेगडीपाशी काढली त्यांनी सहा वाजता हात-पाय धुवून, साडी बदलून, पहिल्या पंगतीला बसायचं. पाळकीणबाईंनी (पाळकसाहेबांच्या पत्नींनी) त्यांना स्वतः वाढलं तर फारच छान.

तिसरा नियम पाळायला सगळ्यांत अवघड जातो. "आधी सगळ्यांचं होऊ दे, आम्ही मागून बसतो," असं त्या म्हणणारच. ऐकू नका. मागून बसणाऱ्यांच्या ताटात थंड भात आणि रश्शाचा तळ येतो, आणि तोपर्यंत गाणी, साक्ष (आपल्या विश्वासाचा अनुभव सांगणं), गप्पा सगळं संपलेलं असतं.

सगळ्यांनी घरून एकेक पदार्थ आणला तर?

३०-४० जणींच्या बैठकीला ते उत्तम. १०० माणसांना मात्र मेळ बसत नाही. सात डबे बटाट्याच्या भाजीचे येतात, भात कोणीच आणत नाही. दुसरं असं की डबे उघडले की कोणाच्या घरचं किती ते दिसतं. एकीनं चिकन आणलं, दुसरीनं भोपळ्याची भाजी, आणि तिला डबा पुढं करायला संकोच वाटतो. एकाच पातेल्यात शिजलं की हा भेद उरत नाही.

चपात्या मात्र घरोघरी कराव्यात. ३०० चपात्या हॉलमध्ये लाटायच्या म्हणजे आठ पोळपाट, चार तवे आणि सगळीकडे धूर. त्यापेक्षा २० घरांनी प्रत्येकी १५ करून पाच वाजेपर्यंत आणून द्याव्यात. कणीक मंडळानं एकदम आणून अर्धा अर्धा किलोच्या पिशव्या करून वाटायची, म्हणजे कोणावर खर्चाचा भार नाही आणि चपात्याही एकसारख्या होतात. अर्ध्या किलोत घडीच्या १५ मोठ्या चपात्या आरामात होतात, लहान केल्या तर १८-२०. आणताना स्वच्छ सुती फडक्यात बांधून डब्यात आणायच्या. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, शाई चपातीला लागते. आणि गरम गरम झाकण लावू नका, घाम येऊन तळाच्या चपात्या ओल्या होतात. एक एक करून सुपात किंवा जाळीवर वाफ जाऊ द्यायची, मग रचायच्या.

१०० माणसांना काय किती लागेल?

यात ८० मोठी माणसं आणि २० मुलं धरली आहेत. जेवण असं: चिकनचा रस्सा, मटकीची उसळ, चपाती, भात, कोशिंबीर, शिरा.

चिकन १२ किलो, सामिष खाणारे पाऊणशे धरून. मटकी कोरडी ३ किलो, मोड आल्यावर ती दुपटीहून जास्त होते. तांदूळ ८ किलो, कारण चपातीही आहे. नुसता पुलाव-रस्सा असेल तर १२. कणीक १० किलो. काकडी ४ किलो, कांदे रस्सा, उसळ आणि कोशिंबीर मिळून १० किलो. सुकं खोबरं दीड किलो. शिऱ्याला रवा अडीच किलो, साखर तेवढीच, तूप दीड किलोच्या आसपास. लिंबं ४०. पिण्याच्या पाण्याचे २० लिटरचे पाच जार, स्वयंपाकाचं आणि धुण्याचं पाणी वेगळं.

गॅसचा १९ किलोचा एक सिलिंडर पुरतो, दुसरा भरलेला जवळ असू द्या. भट्टीवाल्याकडूनच सिलिंडर, नळी आणि रेग्युलेटर मागवा आणि पेटवताना त्याचा माणूस हजर असू द्या. घरचे लाल सिलिंडर उचलून आणू नका, नियमातही बसत नाही.

वाटण आदल्या दिवशी भाजून ठेवता येतं, पण वाटायचं त्याच दिवशी. १२ किलो चिकनच्या वाटणाला घरच्या मिक्सरचे दहा-बारा घाणे होतात. दोन मिक्सर आणा, एक तापला की दुसरा.

रश्शात कोणाच्या घरचा मसाला घालायचा?

नगरकडच्या भगिनी येसर घालतील, कोल्हापूरच्या कांदा-लसूण मसाला, नागपूरच्या सावजीचा ठसका आणतील. दरवर्षी एका भागाचा मान. ज्यांचा मान त्यांनीच प्रमाण सांगायचं, बाकीच्यांनी त्या वर्षी चव घेऊन शेरा मारायचा नाही. तिखट बेतानं ठेवा, मुलं आणि म्हाताऱ्या असतात. वेगळ्या वाटीत तिखट तरी ठेवली की सगळे खूश.

शाकाहारी, पथ्याचे आणि शेजारी पाहुणे?

पाहुण्या म्हणून हिंदू, बौद्ध, मुस्लिम शेजारणी आल्या तर आनंद आहे, आणि त्यांना काय चालतं ते आमंत्रण देतानाच विचारा. शाकाहारी भांडी, झारे आणि वाढणाऱ्या बायका पूर्ण वेगळ्या ठेवा. एकच ओगराळं दोन्हीकडे फिरलं की विश्वास गेला. चिकन हलाल दुकानातून घेतलं की मुस्लिम मैत्रीणही मनमोकळी जेवते. कोशिंबिरीत दाण्याचं कूट असेल तर तसं सांगा, काहींना ते चालत नाही. मधुमेहाच्या माणसांसाठी शिऱ्याऐवजी पेरू किंवा पपई.

पैसे कसे उभे करायचे? माणशी वर्गणी ठेवावी का?

माणशी वर्गणी ठेवू नये. पाच माणसांच्या घराला ती जड जाते आणि मग ते घर "त्या दिवशी गावी जायचं आहे" म्हणून सांगतं. कारण दुसरंच असतं.

नाव न लिहिलेली पाकिटं तीन रविवार आधी वाटा आणि अर्पणाच्या थैलीसारख्याच बंद पेटीत टाकायला सांगा. कोणी किती दिले हे खजिनदारबाईंनाही कळता कामा नये. त्याबरोबर सामानाची यादी लावा: ५ किलो तांदूळ, १ किलो तूप, मिठाचा पुडा. मिठाचा पुडा यादीत मुद्दाम ठेवायचा, म्हणजे प्रत्येकीला काहीतरी देता येतं. खर्च आलेल्या पैशांपेक्षा वर जाऊ देऊ नका. कमी पडले तर शिरा कमी करा, उधारी करू नका.

मिझोराममधल्या ख्रिस्ती बायका १९१० पासून रोजच्या भाताच्या तांदळातून एक मूठ मंडळीसाठी बाजूला काढत आल्या आहेत आणि त्यातून केवढं काम उभं राहिलं. आपल्याकडे एखाद्या मंडळात प्रत्येकीनं वर्षभर महिन्याला एक वाटी तांदूळ दिला, तर प्रीतिभोजनाचा भात फुकट होईल. जमवलेला तांदूळ मात्र तमालपत्र किंवा सुकी कडुनिंबाची पानं घालून ठेवा.

जिला पैसेही देता येत नाहीत आणि वेळही नाही, तिनं यावं का?

हो, नक्की यावं. घरकामाला जाणाऱ्या आपल्या कितीतरी भगिनी दिवसभर दुसऱ्यांची भांडी घासतात. त्यांना वहीत ओळ नको असेल तर आग्रह करू नका आणि त्यांनी येऊन नुसतं जेवावं यावर कोणी भुवई उंचावू नये. भांडी घासायचं काम तर त्यांना अजिबात देऊ नका, त्यांनी स्वतः म्हटलं तरी. बायबलमधल्या १ करिंथ ११ मध्ये प्रेषित पौल रागावला आहे तो याच गोष्टीवर: ज्यांच्याकडे आहे ते आधी खाऊन घेतात आणि ज्यांच्याकडे नाही त्यांना लाज वाटते.

पुरुषांचं काय?

येऊ दे ना. मंडप, जार, सिलिंडर, मोठी पातेली उतरवणं, सतरंज्या, गाड्या लावणं, रात्री बायकांना सोडायला जाणं हे पुरुषमंडळी आणि तरुण संघाकडे. भांडी घासणंही. फक्त अधिकार मंडळाकडेच राहू दे. पास्टरेट कमिटीतले (मंडळीचा कारभार बघणाऱ्या समितीतले) एखादे वडील येऊन पातेल्यात डोकावून सूचना द्यायला लागले, तर अध्यक्षबाईंनी त्यांना आदरानं खुर्ची आणि चहा द्यावा.

लहान मुलं आईला सोडत नाहीत, मग काम कसं होणार?

शब्बाथशाळेच्या (मुलांच्या रविवारच्या बायबलवर्गाच्या) दोन शिक्षिका आणि दोन मोठ्या मुली, दुपारी दोन ते सहा, वेगळी खोली, चित्रं, गाणी, राजगिऱ्याचे लाडू. हे काम वहीत सगळ्यांत आधी लिहा. भट्टीच्या आसपास एकही मूल नको, याबाबत कडक राहा.

पंगत की बुफे?

पंगत. बुफेला रांग लागते, म्हाताऱ्या माणसांना ताट धरून उभं राहता येत नाही आणि ज्याची ओळख नाही तो कोपऱ्यात एकटा जेवतो. पंगतीत शेजारी कोण येईल ते आपल्या हातात नसतं, तेच बरं. ज्यांना खाली बसता येत नाही त्यांच्यासाठी भिंतीकडेला टेबल-खुर्च्या, पण वाढप त्याच ओळीत.

एका पंगतीला ५० माणसं धरली तर वाढायला दहा जणी लागतात आणि दोन पंगती तासाभरात उठतात. पानांच्या पत्रावळी आणि द्रोण वापरा. थर्माकोल आणि प्लास्टिकच्या ताटल्यांवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, आणि गरम रश्शाला त्या चांगल्याही नाहीत. स्टीलची ताटं मंडळीत असतील तर तीच उत्तम, धुवायला माणसं नेमा.

अन्न बाधू नये म्हणून काय बघायचं?

वेळ. चार वाजता शिजलेलं आठ वाजता वाढलं की धोका सुरू होतो. शिजल्यापासून दोन तासांत पानात पडेल असा क्रम लावा, आणि रस्सा-उसळ मंद आचेवर गरम राहू द्या. भाताची विशेष काळजी. कोमट राहिलेल्या भातात जंतू वाढून जे विष तयार होतं, ते पुन्हा गरम केल्यानंही जात नाही. म्हणून सगळा भात एकदम करू नका. पहिला घाणा साडेपाचला, दुसरा पहिली पंगत बसल्यावर.

चिकन त्याच दिवशी दुपारी आणा, धुण्या-कापण्याची जागा आणि सुरी वेगळी. कोशिंबीर चिरून ठेवा, दही-मीठ वाढायच्या आधी. ज्या भगिनीला सर्दी-खोकला, जुलाब किंवा हाताला जखम आहे तिनं त्या दिवशी दारात सलामाला उभं राहावं, स्वयंपाकात नको.

कार्यक्रम केवढा असावा?

पाऊण तास. एक-दोन गीतं, शास्त्रवाचन, एखादी साक्ष, प्रार्थना. संदेश देणाऱ्या बाईंना दहा मिनिटं सांगून ठेवा. साडेसहाला सुरुवात, सव्वासातला पहिली पंगत, नऊपर्यंत सगळ्या घरी जायला मोकळ्या. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक चालत नाही, पण खरं कारण ते नाही. खेड्यावरून आलेल्या भगिनींना शेवटची एसटी मिळाली पाहिजे.

ज्या येऊ शकत नाहीत त्यांना डबे पाठवायचे का?

पाठवायचेच, आणि पहिल्या पंगतीच्या आधी भरून. आजारी, बाळंतीण, नुकतंच दुःख झालेलं घर, वृद्धाश्रमातल्या आपल्या सभासद. यादी पाळकीणबाईंकडे किंवा बायबल वूमनकडे (घरोघरी भेटी देणाऱ्या मंडळीच्या सेविकेकडे) असते. डबा घेऊन दोघींनी जायचं, पाच मिनिटं बसायचं, छोटी प्रार्थना करायची. नुसता मुलाच्या हाती दिलेला डबा आणि आपण नेलेला डबा यांत फार फरक पडतो. उरलंसुरलं भरलेला डबा कोणाच्या दारात नेऊ नये.

अन्न उरलं तर?

ज्याला हात लागला नाही आणि जे गरम आहे, ते लगेच, त्याच रात्री द्या. रात्रीच्या पाळीचे वॉचमन, सरकारी दवाखान्याबाहेर बसलेले नातेवाईक, जवळचं वसतिगृह. कुठं द्यायचं ते दुपारीच बोलून ठेवा. रात्री साडेनऊला फोन लावायला लागलात तर कोणी मिळत नाही. भात आणि चिकन दुसऱ्या दिवशीसाठी ठेवू नका. शिरा आणि चपात्या घरी न्यायला हरकत नाही.

भांडी आणि आवरण्याचं काम कोणाकडे?

स्वयंपाकात अजिबात नसलेल्यांकडे, हे आधीच ठरवून. तीन मोठी घंगाळं मांडा: एकात खरकटं काढायचं, दुसऱ्यात साबण, तिसऱ्यात स्वच्छ पाणी. पत्रावळी आणि उष्टं अन्न ओल्या कचऱ्यात एकत्र जातं. भाड्याची भांडी मोजून घ्या आणि मोजूनच परत द्या. हरवलेल्या झाऱ्यांची भरपाई शिऱ्याच्या तुपापेक्षा महाग पडते.

हिशेब कधी द्यायचा?

दुसऱ्याच दिवशी रविवारी, सूचनांच्या वेळी, दोन मिनिटांत: किती आले, किती गेले, किती उरले. पावत्या फाइलला लावून फाइल टेबलावर ठेवा, ज्याला बघायची त्यानं बघावी. उरलेली रक्कम कशाला जाणार ते प्रीतिभोजनाच्या आधीच जाहीर केलेलं बरं, शाळेची फी भरता न येणाऱ्या मुलीसाठी किंवा वैद्यकीय मदतीसाठी.

आभार मानताना नावं वाचू नका. कोणाचं तरी राहतंच. ज्यांनी काम केलं त्या सगळ्यांनी जागेवर उभं राहावं, असं म्हणा. ओळी नीट वाटल्या असतील तर जवळजवळ सगळ्या उभ्या राहतात.

कामाची वही पुढं कोणाकडे ठेवायची?

सेक्रेटरीबाईंच्या घरी नको, मंडळीच्या कपाटात. त्याच आठवड्यात दोघी-तिघींनी बसून प्रत्येक ओळीसमोर लिहायचं: किती आणलं, किती लागलं, कोणतं काम एकीला जड गेलं. तांदूळ ८ किलो आणला, साडेसहा लागला. चपात्या कमी पडल्या. लिंबं कापायला चाकू एकच होता. नवे पदाधिकारी निवडले गेले की कपाटाच्या किल्लीबरोबर ही वही त्यांच्या हातात द्या.